आमचं ऐकूनच घेतलं नाही

कोर्टात हरलेला माणूस निकाल एक वेळ पचवतो, पण ‘आमचं ऐकूनच घेतलं नाही’ हे दुःख वर्षानुवर्षं सांगत राहतो. हरलेल्याची सबब म्हणून ते झटकून टाकणं सोपं आहे. जॉन थिबो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तसं केलं नाही.

थिबो मुळात नात्यांचे अभ्यासक. माणसं एकमेकांवर कशी अवलंबून असतात, याची मांडणी त्यांनी हॅरल्ड केली यांच्याबरोबर 1959 साली केली होती. पुढे कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स वॉकर यांना सोबत घेऊन त्यांनी प्रयोगशाळेत लुटुपुटूचे खटले चालवले. कुठे पक्षकाराची बाजू त्याचा स्वतःचा वकील मांडे, कुठे सगळी चौकशी निवाडा करणाऱ्याच्या हाती असे. आपली बाजू आपल्या ताब्यात राहिली, तर विरुद्ध गेलेला निकालही जास्त न्याय्य वाटतो, असं त्यांना आढळलं. 1975 च्या पुस्तकात त्यांनी याचं कारण हिशेबी दिलं: बाजू मांडायला मिळाली की अनुकूल निकालाची शक्यता वाढते.

मला हे कारण तोकडं वाटतं. मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी 1984 साली शिकागोतल्या 1,575 रहिवाशांना पोलीस आणि कोर्टाच्या अनुभवांविषयी विचारलं, तेव्हा लोकांच्या मनात निकालापेक्षा वागणूक अधिक घर करून असल्याचं दिसलं. बोलू दिलं का, मान ठेवला का, मन साफ होतं का? न्यायासनावरचा माणूस सगळ्या समाजाच्या वतीने बसलेला असतो. तो मध्येच तोडून ‘पुढे’ म्हणतो, तेव्हा या समाजात आपली किंमत किती, हे समोरच्याला कळून चुकतं. नातं तुटतं ते तिथे.

पण हे संशोधन दुधारी आहे. ॲलन लिंड आणि सहकाऱ्यांच्या 1990 च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कामाचं उद्दिष्ट पक्कं झाल्यावर मत विचारलं गेलं. त्याने काही बदलणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही काहीच न विचारलेल्यांपेक्षा त्यांना तो व्यवहार रास्त वाटला. आधी विचारलेल्यांना अर्थात सर्वांत रास्त वाटला. हे वाचून मी अस्वस्थ होतो, कारण सत्तेला यातून फार स्वस्तात सुटता येतं.

आपल्याकडची पर्यावरणविषयक जनसुनावणी पाहा. 2006 च्या अधिसूचनेनुसार सुनावणीअखेर कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. ही तरतूद मोलाची आहे. मांडवात उभं राहून खाडीतल्या मासळीबद्दल बोललेल्या बाईला आपलं म्हणणं कागदावर उतरल्याचं तिथेच कळतं. पण प्रकल्पाला मंजुरी मिळाल्यावर, तिची हरकत कोणत्या कारणाने बाजूला ठेवली, हेही तिला तिच्याच भाषेत, तिच्याच गावात येऊन सांगितलं पाहिजे. ते कारण चुकीचं असेल, तर लढायला तिच्या हाती काहीतरी राहील.