चारचौघांत केलेली बेगमी

शास्त्रभाग : २ करिंथ ८:१०–१५ व ९:१–५



करिंथ येथील मंडळीनें यरुशलेमांतील गरजू पवित्र जनांकरितां वर्गणी जमविण्याचा संकल्प केला, त्यास वर्ष लोटलें होतें. प्रेषित पौलानें ही वार्ता झांकून ठेविली नाहीं. ती त्यानें मासेदोनियांतील मंडळ्यांस सांगितली, आणि ती ऐकून तेथील पुष्कळांस आवेश चढला. मग त्यानें करिंथकरांस आठवण दिली : तुमचा शब्द आतां दूरवर पोहोंचला आहे, आम्ही येऊं तेव्हां रक्कम तयार नसेल, तर तुम्हांस आणि आम्हांस दोघांसही लाजावें लागेल. इतकेंच नव्हे, तर तयारीसाठीं त्यानें कांहीं बंधूंस आधीं पाठविलें. ह्यावरून आम्ही तीन गोष्टी शिकूं.

पहिली गोष्ट ही कीं, बोलून दाखविलेला संकल्प टिकतो. बेगमी हा शब्द आमच्या मालवण किनाऱ्यावर लहान मुलासही कळतो. १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस मासेमारी बंद असते. होड्या झांवळांनीं शाकारून ठेवितात, आणि त्यापूर्वींच सरपण, तांदूळ व सुकी मासळी घरांत आलेली असते. शेजारणीच्या अंगणांत बांगडे वाळूं लागले म्हणजे आळशी बाईसही आपल्या घराची आठवण होते. परंतु पैशाची बेगमी अंगणांत दिसत नाहीं. ती मनांत ठरते आणि मनांतच विरते. म्हणूनच बचत गटाची रीत उपयोगी पडली. दहा ते वीस बाया ठरल्या दिवशीं बसतात, प्रत्येक बाई आपली रक्कम सर्वांसमक्ष ठेविते, आणि नांवापुढें आंकडा लिहिला जातो. नाबार्डनें १९९२ सालीं असे गट बँकांशीं जोडण्याचा उपक्रम आरंभिला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडींत स्वामिनी गटाच्या कोळी भगिनींनीं २०१७ सालीं पाहुण्यांस होडींतून कांदळवन दाखविण्याचा धंदा सुरू केला. एकटीनें जें धाडस झालें नसतें, तें मिळून बसल्यानें झालें.

कोणी म्हणेल, आपल्या प्रभूनें तर उजवा हात काय करितो हें डाव्यासही कळूं देऊं नये असें शिकविलें. मग हिशेब चारचौघांत कशास? बंधूंनो, मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत प्रभु दानधर्माविषयीं बोलत आहे. दान झांकलें म्हणजे गर्व मरतो. संकल्प झांकला म्हणजे मात्र पुष्कळदां आळसच जगतो. ज्यास आपल्या दानाची दवंडी पिटावीशी वाटते, त्यानें गप्प रहावें. आणि ज्यास आपला संकल्प कोणासही कळूं नये असें वाटतें, त्यानें तो दोन विश्वासू मित्रांस सांगावा. प्रत्येकानें आपल्या मनाची परीक्षा करावी.

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. चारचौघांत मांडलेला हिशेब दुर्बळास चिरडूंही शकतो. नांवें वाचलीं जातात, आणि एका बाईच्या नांवापुढें ह्या महिन्यांत कांहीं नाहीं. घरधन्यास मासळी लागली नाहीं, किंवा मूल तापानें पडलें. कोणी कांहीं बोलत नाहीं, पण डोळे बोलतात. आम्हीं असें पाहिलें आहे कीं, अशी भगिनी पुढच्या बैठकीस येत नाहीं. मग ती उपासनेसही येईनाशी होते, आणि शेवटीं सावकाराच्या ओटीवर जाते. तेव्हां तो हिशेब कोणाच्या कल्याणाचा झाला? पौलानें लाजेचें भय दाखविलें खरें. पण त्याच पत्रांत त्यानें स्पष्ट केलें कीं, मनाची उत्सुकता असल्यास मनुष्यापाशीं जें आहे त्यावरून त्याचें दान मान्य होतें, जें नाहीं त्यावरून नव्हे. मिझोराममधील ख्रिस्ती भगिनींनीं १९१० सालीं स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर तांदूळ प्रभूच्या कार्यासाठीं बाजूस काढण्याची प्रथा आरंभिली. मूठ लहान घरांतही असते. पौलानेंही घाई केली तर पैशाची मागणी करण्यासाठीं नव्हे. त्यानें मदतीस माणसें पाठविलीं. आमच्याही गटांत ज्याचें नांव मागें पडलें, त्याच्या दारीं पुढच्या बैठकीपूर्वीं कोणी तरी गेलें पाहिजे, आणि तें वसुलीसाठीं नव्हे, तर विचारपूस करण्यासाठीं.

तिसरी गोष्ट बेगमीच्या हेतूविषयीं. लूकाच्या बाराव्या अध्यायांतील धनवानानेंही कोठारें भरण्याचा बेत केला होता, परंतु त्या बेतांत त्याच्यावांचून दुसरें कोणीच नव्हतें. करिंथकरांचा संचय दुसऱ्याच्या उणिवेसाठीं होता. घराचें छप्पर, जाळें, मुलीचें शिक्षण हे हेतु चांगले आहेत. ते देवासमोर ठेवून करावे, आणि त्यांत गरजूचा वाटा आरंभींच काढावा.

उपदेशक बंधूंनो, मंडळींत असा गट असेल तर एवढें करा. रक्कम लहान व हेतु नांवानिशीं ठरवा. वही सर्वांसमक्ष वाचा व सर्वांसमक्ष मिटा. हल्लीं मोबाईलवर मित्रमंडळींस आपली शिल्लक कळविण्याची रीत पडली आहे. ज्यांच्याबरोबर आपण प्रार्थना करूं शकतों, त्यांनाच ती कळवावी, परक्यांस नव्हे. आणि मागें पडलेल्याचें नांव गांवच्या चव्हाट्यावर नेऊं नका. तें प्रार्थनेंत न्या.

रानांत इस्राएल लोकांनीं मान्ना गोळा केला, तेव्हां प्रत्येकाचें माप झालें. कोणी फार गोळा केला, कोणी थोडा; तरी मापून पाहतां ज्याचा फार त्याचा उरला नाहीं, आणि ज्याचा थोडा त्यास कमी पडलें नाहीं. पौलानें आपल्या बोधाचा शेवट ह्याच गोष्टीनें केला. आमच्या वह्यांचें मापही असेंच होवो, आणि येत्या पावसाळ्यांत मंडळींतील एकही चूल विझलेली न राहो. आमेन.