गोपाळपूरचा काला



एकादशीला चंद्रभागेचं स्नान झालं, कळसाचं दर्शन घडलं, द्वादशीला पारणं सुटलं, की हल्ली पुष्कळ मंडळी एस. टी. चा फलाट गाठतात आणि वारी पोचली म्हणतात. मी म्हणतो, बाबांनो, अजून अर्धा-पाऊण कोस राहिलीच की! आषाढ शुद्ध पौर्णिमेला माउलींची, तुकोबारायांची, सगळ्या संतांची पालखी गोपाळपूरला जाते, तिथं काला होतो, आणि मगच परतीची वाट धरायची असते.

गोपाळपूर म्हणजे पंढरीच्या दक्षिणेला भीमेकाठचं लहानसं गाव. टेकडीवर गोपाळकृष्णाचं देऊळ, भोवती गढीसारखा दगडी तट. रुसलेल्या रुक्मिणीमातेला शोधीत भगवंत दिंडीरवनात आले, तेव्हा गाई आणि सवंगडी इथं ठेवून पुढे गेले, अशी परंपरा आहे. जवळच नदीत विष्णुपद. खडकावर देवाची पावलं आणि गाईंचे खूर दाखवतात. मार्गशीर्षात देव तिथं राहायला येतो म्हणतात, म्हणून त्या महिन्यात लोक शिदोरी घेऊन जातात. पावसाळ्यात नदी चढली की तिथं पाणीच पाणी.

देवळात जनाबाईचं जातं आहे. गोदाकाठच्या गंगाखेडची ही पोर नामदेवरायांच्या घरी दासी म्हणून राहिली, आणि तिच्या जात्याचा खुंटा धरायला देव आला. दळताना देवाच्या अंगावर पीठ उडालं असेलच ना? मग त्याचं सोवळं कुठं राहिलं?

हे आज विचारतो. १९७४ साली विचारायचं सुचलं नाही. तेव्हा चौदा वर्षांचा होतो, पाठशाळेत शिकत होतो. दशमस्कंधातलं ते वनभोजन तोंडपाठ होतं. यमुनेच्या वाळवंटात गोपाळ कडं करून बसलेले, मध्ये भगवंत, कमरेला वेणू खोवलेला, डाव्या हातात दहीभाताचा घास. यज्ञात हवि घेणारा देव गुराख्यांच्या पोरांबरोबर जेवतो आहे आणि स्वर्गातले देव बघतच राहिले आहेत. अन्वयासकट म्हणून दाखवीत असे.

त्या पौर्णिमेला काल्याचं कीर्तन झालं. लाह्या, पोहे, दही, कोणाचं लोणचं, सगळं एकात कालवलेलं. एक म्हातारी पुढं आली. हात चिखलानं भेगाळलेले. "घे रे माउली," म्हणून तिनं माझ्या तळहातावर घास ठेवला. तिची जात मला ठाऊक नव्हती, आणि तेवढ्यावरच माझं अडलं. तोंडाशी नेल्यासारखं केलं, पाठ वळवली, उपरण्याच्या पदरात बांधलं आणि नदीवर जाऊन पाण्यात सोडलं. परत वळलो तर ती घाटाच्या वर उभी. काही बोलली नाही. वाकून माझ्या पाया पडली आणि आपल्या दिंडीत निघून गेली.

विठोबाचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरीत दहा दिवस उपास केला, आणि ते दार उघडलं. त्याला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. माझं मात्र बंदच होतं. आणि त्याला कुलूप विद्येचं, बरं का! अडाणी मनुष्य निदान विचारून तरी नाकारतो.

पुढं कीर्तनाला उभा राहू लागलो. काल्याचा प्रसंग आला की लोक डोळे पुसतात. मला ती म्हातारी दिसते. तिचं गाव विचारलं नव्हतं, नाव विचारलं नव्हतं. आता क्षमा मागायची तर कोणाची?

गेली कित्येक वर्षं पौर्णिमेला देवळाच्या पायऱ्यांशी डाव्या अंगाला बसतो. हातावर पडेल ते खातो. कधी आंबलेलं असतं, कधी लाह्यांत वाळू येते, तेही खातो. यंदा द्वादशीला गाडी धरू नका. चार भाकरी जास्त बांधून आणा, आणि माझ्या हातावरही थोडं ठेवा.