शिक्षकांचा शेजारी कोण?



दरवर्षी ५ सप्टेंबरला आपण शिक्षकांना फुले देतो. मुले भाषणे करतात, टाळ्या वाजतात आणि दुपारपर्यंत कार्यक्रम आटोपतो. दुसऱ्या दिवशी शिक्षक आपल्या वर्गात पुन्हा एकटा असतो. ज्याच्यासमोर चाळीस-पन्नास मुले बसलेली आहेत तो एकटा कसा, असे आपल्याला वाटेल. परंतु मुलांच्या गर्दीत असणे वेगळे आणि आपले ओझे जाणणारे कोणी सोबत असणे वेगळे.

आपल्या मोशीचेच पाहा. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. तोवर इंद्रायणीकाठच्या या शेतीच्या गावात गुरुजी कोण, बाई कोण, हे घरोघरी ठाऊक असे. आज पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोसायट्या उभ्या आहेत. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत कामाला जाणारी कुटुंबे मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार अशा दूरदूरच्या मुलखांतून येथे आली आहेत. शिक्षकही त्यांच्याप्रमाणेच बाहेरून आलेले. कोणाच्या शेजारी कोण राहते याचा पत्ता नाही, मग पलीकडच्या शाळेत कोण शिकवते हे कसे कळावे?

त्यात शिक्षकांची परिस्थितीही सारखी नाही. महानगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतील बाईंना वेतन आयोगाप्रमाणे पगार मिळतो. काही विनाअनुदानित शाळांतील बाई मात्र दहा महिन्यांच्या करारावर असतात. मे महिन्यात त्यांच्या हाती काही पडत नाही आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नसते. २०२० साली टाळेबंदीत राज्यभर अशा अनेक शिक्षकांचे पगार थकले किंवा कापले गेले. काम एकच, पण एकीच्या पायाखाली जमीन आहे आणि दुसरीच्या पायाखाली नाही. या दोघी मिळून एक समुदाय होऊ शकतो का? हा खरा नैतिक प्रश्न आहे.

याच प्रश्नाला सतराव्या शतकात फ्रान्समधील रेम्स शहरात एका धर्मगुरूला तोंड द्यावे लागले. संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल हे श्रीमंत घराण्यातले, कॅथेड्रलचे कॅनन. गरीब मुलांच्या शाळांतील मास्तरांना त्यांनी १६८१ साली आपल्या घरी राहायला आणले. शाळा बंद पडल्या तर आमचे काय, अशी मास्तरांना धास्ती होती. ला साल त्यांना देवाच्या कृपेवर भरवसा ठेवा म्हणून सांगत. तेव्हा मास्तरांनी स्पष्ट सुनावले की, तुमच्याजवळ पद आहे, वाडवडिलांची मालमत्ता आहे, तुम्हाला हे बोलणे सोपे आहे. ला साल यांना ते पटले. त्यांनी १६८३ साली कॅननपद सोडले आणि पुढच्या दुष्काळात आपली संपत्ती भुकेल्यांसाठी खर्च केली. त्यानंतरच ते मास्तरांचे खरे भाऊ झाले. १५ मे १९५० रोजी पोप बारावे पायस यांनी त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

या घटनेतून एक गोष्ट कळते. धीर देणे आणि धोका वाटून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द देऊन समुदाय होत नाही, आपल्या सुरक्षिततेतला थोडा वाटा दिला तरच तो होतो. येशूच्या दाखल्यातला शोमरोनी माणूसही जखमी माणसाला नुसते सांत्वन देत नाही. तो खाणावळवाल्याकडे पैसे ठेवतो आणि पुढे जे लागेल तेही देईन असे सांगून जातो.

आपल्या पुण्यातही असे उदाहरण आहे. सावित्रीबाई फुले १८५६ साली आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या. तेथून ऑक्टोबरमध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्यामागे फातिमावर कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा उल्लेख त्यांनी केला आहे. स्वतः अंथरुणावर असताना मागे राहिलेल्या सोबतिणीच्या ओझ्याची आठवण ठेवणे, यालाच सहकार्य म्हणतात.

कोणी विचारील, दुसऱ्या शाळेतील बाईंवर अन्याय होत असेल तर तो आम्ही केला का? मग आमच्यावर हे कर्तव्य कोठून आले? दोष त्यांचा नाही, हे खरेच. पण कर्तव्य केवळ दोषातूनच येते असे नाही. वडिलांचे कंत्राट संपते, घर बदलते आणि मूल वर्षाच्या मध्येच एका शाळेतून दुसरीत जाते. पहिल्या बाईंनी अर्धवट शिकवलेली बाराखडी दुसऱ्या बाई पुरी करतात. दोघींची कधी भेट होत नाही, तरी त्या एकाच मुलावर काम करीत असतात. म्हणजे भागीदारी आधीपासून आहेच, फक्त ओळख व्हायची राहिली आहे. म्हणून एकमेकांना मदत करणे हा उपकार नसून ते अर्धे राहिलेले काम पुरे करणे आहे.

शिक्षकांच्या संघटना आहेत आणि त्या हव्यातच. पगार, बदल्या, निवडणुकीची कामे यांसाठी त्या भांडतात. परंतु आई रुग्णालयात असताना वर्गाची चिंता करणाऱ्या बाईंजवळ बसायला मोर्चा येत नाही. तेथे माणूसच लागतो.

त्यासाठी लेटरहेड, अध्यक्ष किंवा वर्गणीची पावती नको. महिन्यातून एकदा मोशीतील निरनिराळ्या शाळांचे आठ-दहा शिक्षक चहाला एकत्र बसले तरी सुरुवात होईल. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांनाही टीईटी उत्तीर्ण होण्याची अट घातली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या अनेकांना त्यामुळे पन्नाशीजवळ पुन्हा अभ्यासाला बसण्याची वेळ आली. नुकतीच ही परीक्षा पास झालेली तरुण बाई, जिची स्वतःची नोकरी कच्ची आहे, ती त्यांना शिकवू शकते. आणि ज्यांचा पगार पक्का आहे ते मे महिन्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवू शकतात. असे झाले म्हणजे देणारा कोण आणि घेणारा कोण, हा भेदच उरत नाही.

आपण पालकही यातून सुटत नाही. शाळा निवडताना आपण बस, मैदान आणि फी विचारतो. तुमच्या शिक्षकांना मे महिन्याचा पगार मिळतो का, हे आपण कधी विचारतो? ज्या बाईंच्या हाती आपले लेकरू दिवसाचे सहा तास सोपवतो, त्यांच्या घरची चूल पेटते की नाही याची चौकशी करणे हे आपलेही काम आहे. येत्या आठवड्यात आपल्या मुलांच्या शिक्षकांची एकदा तरी भेट घेऊ या. तक्रार घेऊन नव्हे, विचारपूस करायला.