काजव्यांचा उजेड कोणासाठीं?

मृग लागण्यापूर्वीं एके रात्रीं आम्ही लोणावळ्याहून राजमाचीच्या अरण्यांतून पायीं चाललों होतों. वाटेवर एक अख्खें झाड काजव्यांनीं लुकलुकत होतें. नीट पाहावें म्हणून आम्हीं विजेची बत्ती त्यावर रोखली, तों त्या फांद्या अंधारून गेल्या. नर काजवा मादीला खुणावण्यासाठीं चमकतो. पंख फुटल्यावर त्याचें आयुष्य थोड्याच आठवड्यांचें. त्यांतली घटका आमच्या कौतुकानें हिरावली. देवाची करणी पाहणें ही उपासनाच, अशी आमची समजूत. पण देवानें सृष्टीला ‘चांगली’ म्हटलें, तेव्हां मनुष्य पाहावयास नव्हता! मग जें आम्हांकरितां चमकत नाहीं, तें उजेड पाडून पाहण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? बत्ती विझवून आम्ही पुढें निघालों. ठेचा मात्र पुष्कळ लागल्या.