क्षमेचे अस्तर

सकाळी अंथरुणातून उठल्यावर जमिनीवर पाऊल टेकण्याआधी धरणीची क्षमा मागावी, हा संस्कार आपल्याकडे इतका खोल मुरला आहे की पूर्णगडापासून पावसपर्यंतच्या पट्ट्यात जुनी माणसे आजही जमिनीला हात लावून तो कपाळाशी नेतात आणि मगच दिवसाच्या कामाला लागतात. नुसत्या पायाच्या स्पर्शाची जिथे क्षमा मागायची, तिथे तेलासाठी धरणीच्या पोटात हजारो फूट शिरणाऱ्या छिद्राची, त्या छिद्रातून वर येणाऱ्या चिखलाची आणि तेलाच्या गाळाची क्षमा कशी मागावी? सज्जनहो, क्षमा हा शब्द आपण रोज उच्चारतो, म्हणून एकदा तो तेलाच्या गाळाशेजारी ठेवून पाहू.

आपण देवाला म्हणतो, अपराध पोटात घाल. धरणीलाही तेच म्हणतो, आणि तिच्या बाबतीत ते अक्षरशः करूनही टाकतो. खड्डा खणायचा, नको ते आत लोटायचे, वर माती ओढायची. आमच्या कोकणात तर खणायचेही कष्ट नाहीत, सड्यावर चिरेखाणींचे आयते खड्डे पडलेले आहेत. पण जांभा म्हणजे चाळणच. सड्यावर कोसळणारा पाऊस त्यातून मुरतो आणि पायथ्याच्या झऱ्यात, विहिरीत उतरतो, आणि वाटेत जे भेटेल ते बरोबर घेऊन उतरतो. वर टाकलेले खाली कुणाच्या तरी कळशीत येते. धरणीने अपराध पोटात घातला असे आपण समजत असतो, आणि तिने तो मुकाट्याने शेजाऱ्याच्या रहाटाशी नेऊन पोचवलेला असतो. तिची क्षमा खोटी ठरली असे नव्हे. जे तिच्या क्षमेत मावत नाही ते आपण तिच्यावर लोटले, एवढेच.

तेलाची गोष्ट आपल्या किनाऱ्याला परकी नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात ‘सागरसम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगने १९७४ साली तेल शोधले आणि १९७६ पासून ते काढणे सुरू झाले. पावसाळ्याच्या तोंडाला कोकण-गोव्याच्या पुळणींवर डांबराचे काळे गोळे लागतात, ते काही तेलक्षेत्रांतून सुटलेले, काही जहाजांच्या टाक्या धुतलेल्या पाण्यातले. समुद्राने ते पोटात ठेवले नाहीत, परत आणून दिले. क्षमेला मर्यादा असते हे समुद्र असे उघड सांगतो. जमीन बोलत नाही, म्हणून तिच्या बाबतीत माणसाला नियम लिहावे लागले.

तेलाची विहीर खोदताना पात्याला थंड ठेवायला आणि खडकाचा चुरा वर आणायला जो चिखल सोडतात, त्यात रसायने असतात, कधी तेलही असते; टाक्यांच्या तळाशी साचणारा गाळ तर तेलाने माखलेलाच असतो. तेलमिश्रित चिखल आणि गाळ आपल्या कायद्याने घातक कचऱ्यात धरला आहे. ३० ऑगस्ट २००५ च्या केंद्राच्या अधिसूचनेने जमिनीवरच्या विहिरींसाठी सांगितले की धुतलेला चुरा आणि निकामी चिखल पाणी न झिरपणारे अस्तर घातलेल्या खड्ड्यातच टाकावा, आणि त्या खड्ड्यातून निथळणारे पाणी गोळा करण्याची सोय असावी. मला त्या अधिसूचनेतला ‘अस्तर’ हा भाग क्षमायाचनेचा वाटतो. धरणी माते, हे ओझे तुझ्यावर ठेवतो आहे खरे, पण तुझ्या अंगाला लागू देणार नाही, असे माणूस त्यात कबूल करतो.

हे अस्तर जवळून पाहण्यासारखे असते. घातक कचरा पुरायच्या खड्ड्यात, म्हणजे लँडफिलमध्ये, ते दुहेरी असते. सर्वांत खाली ४५ सेंटिमीटर चोपून बसवलेली चिकणमाती, इतकी घट्ट की पाणी तिच्यातून सेकंदाला सेंटिमीटरचा एक कोटावा भाग, म्हणजे वर्षाला जेमतेम तीन सेंटिमीटर सरकावे. तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा काळा एचडीपीई प्लास्टिकचा कागद, त्यावर ३० सेंटिमीटर खडीचा निचऱ्याचा थर. मग हेच तिन्ही थर पुन्हा एकदा, आणि सगळ्यांच्या वर कचरा. कागदाचे पट्टे सकाळच्या थंडाव्यात पसरतात, कारण दुपारच्या उन्हात काळे प्लास्टिक फुगून त्याला वळ्या पडतात. दोन पट्ट्यांची कड तापत्या पाचरीने एकदम दोन रेषांत सांधली जाते आणि मधे एक बारीक पोकळ वाट राहते. त्या वाटेची दोन्ही टोके बंद करून आत सुई टोचून हवा भरतात आणि मापकाचा काटा ठरल्या वेळेत खाली येतो का, ते बघत उभे राहतात. काटा पडला तर सांधा दुरुस्त करून पुन्हा. खालच्या निचऱ्याच्या थराचे एक काम तर फार सूक्ष्म आहे. तिथे ठरल्यापेक्षा जास्त पाणी दिसले, तर वरचा कागद कुठेतरी फाटला आहे असे समजायचे. आपली चूक धरणीपर्यंत पोचण्याआधी आपल्यालाच कळावी, एवढ्यासाठी तो थर आहे. क्षमा मागणाऱ्याने इतकी तयारी तरी ठेवावी.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्ती मोजताना क्षमेच्या पाठोपाठ धृती, शौच आणि अद्रोह येतात. हा क्रम मला पूर्वी केवळ छंदाच्या सोयीचा वाटायचा. आता वाटते, क्षमेला एकटीने चालता येत नाही. धृती म्हणजे धरून ठेवणे. ते अस्तराचे काम. पण शौच, म्हणजे स्वच्छता, प्रत्यक्ष कामात अस्तराच्या आधी येते. तेल खाणारे सूक्ष्मजीव मातीत आहेतच. ‘टेरी’ या संस्थेने त्यांचेच मिश्रण ‘ऑइलझॅपर’ नावाने तयार केले आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ या जहाजातून तेल सांडले तेव्हा ते वापरलेही गेले. हे जीव म्हणजे धरणीची क्षमाच, काम करताना दिसणारी. त्यांना हवा हवी, ओल हवी, वेळ हवा. तेलकट गाळ तसाच कागदात गुंडाळून पुरला तर आत हवा नाही, म्हणून ते तेल वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. तेव्हा जे जिरू शकते ते आधी उघड्यावर, अस्तर घातलेल्या वाफ्यात, उलथापालथ करून जिरवावे. आणि जे कुणालाच खाता येत नाहीत, ते जड धातू मात्र चुना, सिमेंट, राख मिसळून घट्ट करून मगच आत न्यावे. पातळ गाळ आत ओतणे, मग अस्तर कितीही चांगले असो, हा आळशीपणाच.

खरी परीक्षा पावसाची. रायगडात तळोज्याला घातक कचऱ्याचे असे सामाईक केंद्र आहे आणि तिथला पाऊस कोकणचाच. उघड्या कचऱ्यावर पडलेला प्रत्येक थेंब काळे पाणी होतो, म्हणून मृगाआधी भरत असलेला भाग ताडपत्रीने, प्लास्टिकने झाकावा लागतो, तळाच्या खाचेतून ते पाणी, म्हणजे लीचेट, उपसत राहावे लागते, आणि अस्तरावर ते ३० सेंटिमीटरहून जास्त साचू द्यायचे नसते. चाकांपासूनही अस्तर जपायचे, म्हणून पहिला थर टाकताना ट्रक त्यावर नेत नाहीत. आधी मऊ, टोकदार काही नसलेला कचरा निवडून पसरतात.

आणि खड्डा भरला, वर पुन्हा माती, कागद आणि आखूड मुळांचे गवत आले, तरी क्षमा मिळाली असे धरायचे नाही. त्यानंतर ३० वर्षे त्या जागेकडे लक्ष द्यायचे असते. गवतात भेग पडली तर बुजवायची, लीचेट येत असेल तोवर उपसायचे, आणि भोवतालच्या विहिरींचे, एक चढाच्या बाजूची आणि बाकीच्या उताराच्या बाजूच्या, पाणी पुन्हा पुन्हा तपासून नोंदवायचे, त्या वहीत सही करणारा माणूस तोवर दोन-तीनदा बदललेला असला तरी.