खांदा पुन्हा दाखवून घ्या

पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणात जाळं फेकणाऱ्या हाताची सगळी भिस्त खांद्यावर असते. मोठा गोळा आणि उथळ खोबण, म्हणून हा सांधा मोकळा फिरतो आणि सहज निखळतोही. निखळलेल्या खांद्यावर शस्त्रक्रिया करावी लागली, तर तीत फाटलेले बंध शिवले जातात. स्नायूंचं बळ मात्र महिनोन्‌महिने केलेल्या व्यायामानेच परत येतं. सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये शस्त्रक्रिया झाली, भारताकडून ते पुन्हा खेळले सप्टेंबरात. आपल्याकडे टाके निघाले की माणूस लगेच कामाला जुंपला जातो, हे बरं नाही. आणि व्यायाम करूनही दुखत राहिलं, हात वर नेताना खांदा सटकेल असं वाटलं, तर तो मनाचा भ्रम समजू नका. खोबणीचं हाड झिजलेलं असू शकतं. खांदा चोळून, ओढून घेऊ नका. शस्त्रक्रियेचे कागद घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे पुन्हा जा.