पेटीतले बाळ, पेटीबाहेरची आई

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची विचारपूस केली की नातेवाईक सांगतात, ‘पेटीत ठेवलंय.’ त्या उत्तरात धीर असतो. पेटी मिळाली म्हणजे बाळ योग्य हातांत पोहोचले, असे वाटते. ऑगस्ट 2017 मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षात 55 बाळे दगावली, तेव्हा हा धीरच हादरला. एकेका पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत होती. दगावलेल्यांतली अनेक बाळे अपुऱ्या दिवसांची होती आणि फार उशिरा आणली गेली होती, असे रुग्णालयाने सांगितले. साहजिकच पेट्या वाढवा, अशी मागणी झाली. ती रास्तच होती. तरीही गेल्या अर्धशतकातल्या संशोधनाने त्या मागणीच्या जोडीला आणखी एक मागणी ठेवली आहे, आणि ती अजून आपल्या तोंडी बसलेली नाही.

अशा बाळाची पहिली लढाई उबेसाठी असते. 37 आठवडे पुरे होण्याआधी आलेल्या जिवाची कातडी पातळ असते आणि त्वचेखाली चरबी जेमतेम असते. अंगातली ऊब भराभर निघून जाते. मग श्वास मंदावतो, दूध ओढण्याची ताकद उरत नाही आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. पेटी ही ऊब देते, म्हणून ती मोलाची. मात्र केवळ सदिच्छेने दिलेला उपचारही घात करू शकतो. 1940 च्या दशकात याच पेट्यांमध्ये सढळ हाताने ऑक्सिजन सोडला गेला आणि जगभर हजारो मुलांची दृष्टी गेली. 1953-54 मध्ये अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून चाचणी केली, तेव्हा दोष ऑक्सिजनच्या अतिरेकाचा असल्याचे सिद्ध झाले. मोजून पाहिल्याशिवाय मायेवरही विसंबू नये, हा धडा या मुलांनी फार मोठी किंमत मोजून दिला.

महाराष्ट्रात हे मोजण्याचे काम गडचिरोलीच्या खेड्यांत झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्याला उबदार गुंडाळणे, संसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सगळे त्या घरी जाऊन करू लागल्या. शेजारच्या गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले आणि 2011 पासून देशभरातल्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्यांकडे ही घरभेटीची पद्धत आली. आज नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या पाड्यावर आशाताई वजनकाटा घेऊन येते, तिच्यामागे हे संशोधन उभे आहे.

कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 मध्ये नाशिकसारखीच टंचाई होती. बाळे अधिक आणि पेट्या कमी. डॉ. एडगार रे यांनी स्थिरावलेली बाळे आयांच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून दिली. ‘कांगारू मदर केअर’ची ही सुरुवात. गरिबांची तडजोड म्हणून अनेकांनी तिच्याकडे पाहिले. बाळ स्थिरावल्यावरच ते आईकडे द्यायचे, हा नियमही कायम राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत हा नियमच तपासला गेला. 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच, स्थिरावण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवले. 28 दिवसांतल्या मृत्यूंचे प्रमाण जुन्या नियमाने सांभाळलेल्या बाळांत 15.7 टक्के होते, तर या बाळांत 12 टक्के. हा फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. 2021 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तडजोड मानलेली गोष्टच सरस उपचार ठरली.

या चाचणीतल्या बाळांना दिवसाकाठी सुमारे 17 तास आईचा किंवा घरच्या दुसऱ्या कुणाचा स्पर्श मिळाला. हा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट आपल्या रुग्णालयांच्या बांधणीला प्रश्न विचारतो. दूरच्या सुरगाणा तालुक्यातून आलेली ओली बाळंतीण 17 तास बाळाला धरून कुठे बसणार? अतिदक्षता कक्षात तिला खाट नसेल, शेजारी न्हाणीघर नसेल, दोन वेळचे गरम जेवण नसेल, तर ती दाराबाहेरच्या व्हरांड्यात राहते आणि विज्ञानाने सिद्ध केलेला उपचारही तिच्याबरोबर बाहेरच राहतो. घरी तिची आणखी लेकरे असतात. सोबत आलेल्या नवऱ्याची मजुरी बुडते. त्या बुडालेल्या मजुरीचा हिशेबही उपचाराच्या खर्चातच धरायला हवा.

यंत्रांची गरज यामुळे संपत नाही. श्वासाला आधार लागणारी बाळे असतातच, आणि त्या चाचणीतही हा आधार आईच्या छातीशी असतानाच दिला गेला. म्हणून नव्या शिशू कक्षाचा आराखडा मंजूर होताना पेट्या किती, या प्रश्नाइतक्याच ठामपणे आयांच्या खाटा किती, हेही विचारले गेले पाहिजे. वैद्यकशास्त्राने आईला भेटायला येणाऱ्यांच्या रांगेतून उचलून उपचार करणाऱ्यांत बसवले आहे. तिच्यासाठी जागा, जेवण आणि विश्रांतीची तरतूद करणे ही आता शासनाची आणि समाजाची जबाबदारी आहे.